पस्तिशीतल्या पीएचसी डॉक्टरला एमडी-पीएचडीची सीट द्या

नीट युजीची वरची वयाची अट मार्च 2022 मध्ये काढून टाकली, आठवत असेल. आधी ओपनला 25 आणि राखीव गटांना 30 अशी होती आणि त्यावर कोर्टात भांडण चालू होतं. बातमी आली, दोन दिवस व्हॉट्सअपवर फिरली आणि विषय तिथंच संपला. आता एमबीबीएसला वरची अट नाही, नीट पीजीला नाही, पीएचडीला पण नाही, म्हणजे कागदावर पाहिलं तर चाळिशीतला माणूस डॉक्टर पण होऊ शकतो आणि संशोधक पण होऊ शकतो. तरी आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी या पट्ट्यात, मी कितीतरी डॉक्टरांसोबत काम केलं पण पस्तिशी ओलांडलेला एकही जण एमडी आणि पीएचडी दोन्ही करायचं म्हणून फॉर्म भरताना मला दिसला नाही. हुशारी कमी आहे म्हणून असं होत नाही, यातले काही जण इतके बारीक निरीक्षण करणारे आहेत की बाप्पा, पेशंट दारातून आत येताना त्याच्या चालीवरून सांगतात काय झालं असेल ते. मी स्वतः सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर आहे आणि माझं म्हणणं असं आहे की डॉक्टर-संशोधक तयार करायचे असतील तर या उशिरा येणाऱ्या लोकांसाठी जागा पण ठेवा आणि त्यांचा पगार पण चालू ठेवा. नुसती वयाची अट काढून काही होत नाही.

आधी एमडी-पीएचडी म्हणजे काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटते की एमडीच्या पुढची आणखी एक डिग्री. तसं नाही. डॉक्टरकीचं शिक्षण आणि संशोधनाचं शिक्षण एकाच कार्यक्रमात जोडून द्यायचं, म्हणजे तो माणूस वॉर्डात पण उभा राहील आणि लॅबमध्ये किंवा फिल्डवर प्रश्नाचा माग पण काढेल, अशी ती कल्पना. अमेरिकेत सरकारी पैशातून हे 1964 मध्ये तीन मेडिकल कॉलेजांत सुरू झालं, आता पन्नासहून जास्त ठिकाणी आहे, साधारण आठ वर्षं लागतात, आणि मुख्य गोष्ट म्हणजे त्यात फी भरावी लागत नाही, वरून दर महिन्याला राहण्याखाण्याचे पैसे मिळतात. तिथली एमडी म्हणजे आपल्या एमबीबीएसच्या जागची डिग्री, हे पण ध्यानात ठेवा, नाहीतर वर्षांचा हिशोब चुकते. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेनं वयावरून भेदभाव करायचा नाही असा त्यांचा 1975 चा कायदा पण आहे. इथून तिकडं जायची स्वप्नं पाहणाऱ्या पोरांना एवढंच सांगतो की तो सरकारी पैसा तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम राहायची परवानगी असलेल्यांसाठी आहे, बाहेरच्याला फार थोड्या जागा राहतात. आपल्याकडे एमडी-पीएचडी जोडून मोजक्याच ठिकाणी आहे. बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेनं मेडिकल स्कूल काढायचं ठरवलं, त्याच्या हॉस्पिटलसाठी 2022 मध्ये दोन दांपत्यांनी 425 कोटींची देणगी दिली, आणि तिथं डॉक्टर-संशोधकच घडवायचे असं ठरलेलं आहे. चांगली गोष्ट आहे. पण तिथं अर्ज करणारा कोण असेल याचा विचार करा, पंचविशी-सव्विशीतला, शहरातल्या कॉलेजातून निघालेला, ज्यानं अजून एकही पावसाळा पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, काढला नाही असा.

आणि इथंच माझा खरा मुद्दा आहे. संशोधनाला पहिल्यांदा लागतो प्रश्न. मशीन नंतर, ग्रँट नंतर. आणि आमच्या भागातले प्रश्न ज्याला माहीत आहेत तो माणूस बहुतेक वेळा पस्तिशीचा झालेला असते, कारण ते प्रश्न कळायलाच तेवढी वर्षं जातात.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच घ्या. शुक्ला आणि सोलंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 1958 ला आला. म्हणजे हा आजार इथं आहे हे कळून साठ वर्षांच्या वर झाले. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं, 2047 पर्यंत आजार संपवायचा, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची. तपासणी होऊन राहिली आहे, मी स्वतः करतो. सोल्युबिलिटी टेस्टची नळी असते, त्यात औषधाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं, मग नळीच्या मागे रेघा असलेला कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह, पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढच्या तपासणीला पाठवायचं, कारण ही टेस्ट वाहक कोण आणि पीडित कोण हे सांगत नाही. आश्रमशाळेत रांगेत उभी असलेली पोरं त्या कागदाकडे टक लावून पाहतात. ठीक आहे, निदान झालं. पुढं काय? एकाच घरात दोन बहिणी, दोघी एसएस, म्हणजे आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून सिकलसेल आलेल्या, एकीला दर पावसाळ्यात हाडं दुखण्याचा असा झटका येते की रात्रभर ओरडते, दुसरी बारा महिने शेतात काम करते आणि वर्षातून एखाद्या वेळी येते. काहून? पुस्तकात उत्तराचा काही भाग आहे, काहींच्या रक्तात फिटल, म्हणजे गर्भातल्या बाळाचं, हिमोग्लोबिन जास्त राहते, काहींना सोबत अल्फा थॅलेसेमिया हा रक्ताचा दुसरा आनुवंशिक दोष असते, त्यानं आजार सौम्य होते. पण थंडी, तहान, अंगमेहनत, ताप यानं झटका येते हे पण पुस्तकातच आहे, आणि आमच्याकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून घोट्याच्या वर पाण्यात, पाठीवर पाऊस, वाकून काम, दुपारपर्यंत पाणी प्यायला पण वर येत नाहीत. रोवणीत झटके वाढतात का? वाढत असतील तर किती, कोणाला, आणि काय बदललं तर कमी होतील? हायड्रॉक्सियुरिया ही सिकलसेलवरची गोळी चाळीस किलोच्या बाईला किती मिलिग्रॅमनं सोसते आणि गोळी संपल्यावर ती परत घ्यायला का येत नाही? हे प्रश्न बंगळुरूत बसून सुचत नाहीत. ओपीडीचं रजिस्टर महिन्या-महिन्यानं पाहणाऱ्याला सुचतात, आणि त्याला उत्तर काढायची पद्धत शिकवली नाही म्हणून रजिस्टर भरते, कपाटात जाते, पुढच्या वर्षी नवीन रजिस्टर येते.

पश्चिम विदर्भात हेच फवारणीचं. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो माणसं दवाखान्यात आली आणि वीसएक जण गेले. तेव्हा ज्यांनी ते पेशंट पाहिले त्यांना विचारा, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तोंडाला फेस, घाम, आणि दर काही मिनिटांनी ॲट्रोपिन हा विषाचा उतारा देत नर्स बाजूला उभी. मजूर सांगतो दोन-तीन औषधं एकत्र करून मारली, डब्याचं नाव माहीत नाही, झाकणाचा रंग सांगतो. मिश्रणात नेमकं काय होतं, किती दिवस रोज थोडं थोडं अंगात गेलं, बरा होऊन घरी गेलेल्या माणसाच्या हातापायाला नंतर मुंग्या का येतात, हे कोणी मागं जाऊन पाहायचं? या विषानं रक्तातलं कोलिनेस्टरेज कमी होते, ते तपासायची सोय खेड्यात सहज नाही. हा पक्का डॉक्टर-संशोधकाचा विषय आहे, ॲट्रोपिन देणारा आणि नमुना सांभाळून ठेवणारा माणूस एकच पाहिजे.

आता लोक म्हणतात पस्तिशीनंतर डोकं चालत नाही, अभ्यास होत नाही. विदर्भात राहून असं कोणी म्हणावं याचं मला वाईट वाटते. 26 डिसेंबर 1914, या एकाच तारखेला जन्मलेली दोन माणसं आपल्या चंद्रपूर-वर्ध्यात काम करून गेली. एक बाबा आमटे, शिकलेले वकिली, आणि 1949 च्या सुमारास, म्हणजे पस्तिशीच्या आसपास, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला गेले. दुसऱ्या डॉ. सुशीला नायर, त्या आधीच डॉक्टर होत्या, पण गांधीजी गेल्यावर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्यातल्या दोन डिग्र्या घेऊन 1950 मध्ये परत आल्या, त्यांचं पण वय तेच. पुढं 1969 मध्ये त्यांनी सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज उभं केलं. बाबांना आनंदवनासाठी शिकायचं होतं, सुशीलाताईंच्या मागं तुरुंगाची आणि आश्रमातल्या दवाखान्याची वर्षं होती. दोघं पण काय शिकायचं ते ठरवूनच वर्गात बसले.

मग डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग. दोघांचं एमडी झालेलं, वर्धा जिल्ह्यातल्या गावांत काम केलेलं, आणि त्यानंतर तिशी ओलांडल्यावर ते त्याच जॉन्स हॉपकिन्सला संशोधनाची पद्धत शिकायला गेले आणि परत येऊन गडचिरोलीत बसले. 1989 मध्ये राणीताईंचा लॅन्सेटमधला लेख आला, दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी, त्यातल्या 92 टक्के बायांना स्त्रीरोग, आणि त्याआधी जेमतेम 8 टक्के बायांची कधी तशी तपासणी झालेली. सगळ्या जगानं तो आकडा पाहिला. 1999 मध्ये घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा त्यांचा अभ्यास आला, 39 गावांत काम आणि 47 गावं तुलनेला, तिसऱ्या वर्षी बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. आज देशभर आशाताई बाळाचं वजन करायला घरी येते, त्याच्या मागं गडचिरोलीतलं हे काम आहे. यात क्रम पहा, आधी गाव, मग पद्धत शिकणं, मग परत गाव. आपली शिक्षणव्यवस्था हा क्रम उलटा लावते, आधी सगळ्या डिग्र्या, मग बॉण्ड म्हणून गाव, तेही सुटका कधी होते ते मोजत.

पण बंग दांपत्याचं उदाहरण दिलं की लगेच सगळे म्हणतात, ते मोठे लोक, आपण साधे. बरोबर आहे, आणि म्हणूनच व्यवस्था पाहिजे. मोठी माणसं व्यवस्थेशिवाय पण करून जातात, साध्या माणसाला ईएमआय असते.

पैशाचं सरळ बोलतो. पीएचसीतल्या नियमित एमओचं वय 36, घरी आईबाप, दोन पोरं, एक नागपूरला शिकायला, घराचं कर्ज. पीएचडी करणाऱ्याला जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, महिन्याला 37,000 रुपये मिळते, याला आज त्याच्या दुपटीहून जास्त पगार आहे. आणि तो 37,000 घ्यायला तयार झाला तरी त्याला मिळणार नाही, कारण जेआरएफला तिशीच्या आसपास वयाची मर्यादा आहे, महिला आणि राखीव गटांना पाच वर्षांची सूट धरली तरी हा बाहेरच. म्हणजे पीएचडीला वय चालते, पीएचडीच्या पैशाला चालत नाही. प्रवेशाच्या जाहिरातीत ठळक लिहितात वयाची अट नाही, आणि फेलोशिपच्या नियमात बारीक अक्षरात ती अट परत येते. हे मला सगळ्यात जास्त खटकते, कारण यात कोणाला सरळ नाही म्हणावं लागत नाही, माणूस स्वतःच हिशोब करून फॉर्म बाजूला ठेवते.

सेवेतल्या डॉक्टरला पीजीसाठी थोडी मदत आहे, हे पण सांगितलं पाहिजे. दुर्गम भागात काम केलं तर वर्षाला 10 टक्के, जास्तीत जास्त 30 टक्के वाढीव मार्क देता येतील असा नियम केला गेला. भामरागड, एटापल्ली, धारणीकडं काम केलेले काही जण त्यावर पीजीला लागले. पण पीजीला लागल्यावर संशोधन म्हणजे काय, तर थिसिस. तीन वर्षांत ड्युट्या, इमर्जन्सी, परीक्षा यात कसाबसा उरकलेला थिसिस, गाईड सांगेल तो विषय, सोपा सॅम्पल, बाइंडिंग आणि सही. गडचिरोलीत सहा वर्षं मलेरिया पाहिलेल्या डॉक्टरनं येऊन भलत्याच विषयावर शंभर पेशंटचा थिसिस लिहिलेला मी पाहिला. त्याला कोणी विचारलंच नाही की बाबा तू इतकी वर्षं काय पाहिलं, त्यातलं काही शोधायचं आहे का तुला.

दुसऱ्या बाजूनं एक आक्षेप असते आणि तो विचार करण्यासारखा आहे. जनतेच्या पैशाची सीट चाळिशीकडं चाललेल्याला दिली तर तो काम किती वर्षं करणार? करू हिशोब. 35 व्या वर्षी सुरुवात, एमडीची तीन वर्षं, पीएचडीला युजीसीच्या नियमानं कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा, जोडून नीट आखलं तर 41-42 ला मोकळा. मेडिकल कॉलेजात शिकवायला 70 वर्षांपर्यंत परवानगी आहे. म्हणजे पुढं पंचवीस-अठ्ठावीस वर्षं. आणि 24 व्या वर्षी सीट घेतलेला पोरगा 32 ला बाहेर पडून परदेशात किंवा पुण्या-मुंबईच्या कॉर्पोरेटमध्ये गेला तर आपल्या भागाला त्याची किती वर्षं मिळाली? मी तरुण पोरांच्या विरोधात नाही, त्यांच्या जागा कमी करा असं पण म्हणत नाही, पण वर्षं मोजायचीच असतील तर इथं मिळालेली वर्षं मोजा. शिवाय ज्याचं घर, शेत, म्हातारे आईबाप या जिल्ह्यात आहेत, ज्यानं दहा वर्षं इथं काढली, तो परत इथंच येण्याची शक्यता जास्त आहे, शंभर टक्के नाही, पण जास्त आहे.

महिला डॉक्टरांचं तर आणखी वेगळं आहे. एमबीबीएस झाल्यावर लग्न, बाळंतपण, नवऱ्याची बदली, सासू आजारी, आणि जेव्हा लेकरू शाळेत जायला लागते, तिला श्वास घ्यायला वेळ मिळते, तेव्हा ती 36 ची असते. म्हणजे अभ्यासाला खरी मोकळीक मिळते तेव्हाच फेलोशिपचं वय उलटून गेलेलं. युजीसीच्या 2022 च्या नियमात महिलांना पीएचडीला दोन वर्षं जास्त आणि 240 दिवसांची प्रसूती रजा आहे, केंद्राच्या विज्ञान विभागाच्या महिला शास्त्रज्ञ योजनेत तर वयोमर्यादा 27 ते 57 अशी ठेवली होती. म्हणजे सरकारला हे समजते. मग जे शास्त्रज्ञ बाईसाठी समजते ते तालुक्यातल्या डॉक्टर बाईसाठी का समजू नये?

काय करता येईल ते अवघड नाही. राज्य सरकारनं सुरुवातीला सेवेतल्या डॉक्टरांसाठी थोड्याच, अगदी दहा-वीस, एमडी-पीएचडी जागा काढाव्या, नागपूर, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया इथल्या कॉलेजांना जोडून, आणि त्या काळात त्याचा पूर्ण पगार चालू ठेवावा, बदल्यात परत येऊन तेवढीच वर्षं विदर्भात काम करायचं लिहून घ्यावं. वयाची अट नको, सेवेची अट ठेवा, पाच वर्षं तरी ग्रामीण भागात. पीजीच्या पोरांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात राहावं लागते, डीआरपी म्हणतात, तो काळ या संशोधनाला जोडा म्हणजे नमुने आणि पेशंट दोन्ही तिथंच भेटतात. चंद्रपूरला आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, हिमोग्लोबिनच्या आजारांचं सेंटर आहे, सेवाग्राम आहे, नागपूरला एम्स आहे, गाईड करणारी माणसं या भागातच आहेत, त्यांना आणि पीएचसीतल्या डॉक्टरला एका टेबलावर बसवायचं तेवढं राहिलं आहे. मंत्रालयात हे कोणी मांडलं तर फाईल वित्त विभागात अडेल हे मला माहीत आहे, म्हणून आमदारांनी अधिवेशन नागपूरला असते तेव्हा हा विषय काढावा, आणि आपण त्यांना काढायला लावावा.

आणि ज्यांच्या मनात खरंच आहे त्यांनी सरकार जागं होईपर्यंत थांबू नये. आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स ऑनलाईन आहे, पीजीवाल्यांना तो करावाच लागते, तुम्ही रात्रीच्या ड्युटीत मोबाईलवर पाहू शकता. युजीसीनं पार्टटाईम पीएचडीला परवानगी दिली आहे, नोकरीच्या ठिकाणची एनओसी लागते, ती मागायला लाजू नका, लेखी मागा आणि लेखीच उत्तर घ्या. फक्त नावापुढं दोन डिग्र्या पाहिजे म्हणून जायचं असेल तर जाऊ नका, घरच्यांचे फार हाल होतात. पण एखादा प्रश्न वर्षानुवर्षं तुम्हाला सोडत नसेल तर आजपासून त्याची वेगळी वही ठेवा, तारीख, वय, गाव, वजन, काय काम करत होता, काय औषध दिलं, पुढं काय झालं, पेशंटचं नाव न लिहिता नंबर टाका, आणि त्यावर कधी लेख लिहायचा झाला तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते हे ध्यानात ठेवा. मुलाखतीत तुम्हाला विचारतीलच की या वयात काहून, तेव्हा वयाबद्दल बोलत बसू नका, प्रश्न काय आहे आणि तो तुम्हाला कसा सापडला तेवढं सांगा.